रक्ताचा सातबारा

शाळा सुरू झाल्या, पाऊस धरला, की माझ्या इनबॉक्सला एक प्रश्न हमखास येतो. "दादा, पोरांची अँटिबॉडी टेस्ट करून घेऊ का? लॅबवाले पॅकेज देतायत." कुणाला गोवराची धास्ती, कुणाला काविळीची, कुणाच्या डोक्यातून कोरोना अजून गेलेला नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे करा किंवा करू नका हे माझ्याकडून ऐकू नका. पण ही तपासणी काय सांगते, काय सांगत नाही, आणि तिच्यामुळे आजवर काय काय उघडकीला आलं याचा इतिहास मोठा आहे. त्यातला बराचसा आपल्या वेशीला लागून घडलाय. सूसवरून पाषाणला उतरलं की सूस रोडवर एनआयव्हीचा परिसर लागतो. राष्ट्रीय विषाणू संस्था. कोरोनाच्या काळात टीव्हीवर रोज जिचं नाव ऐकत होतो, तीच. आपल्यातले कितीतरी जण दूध घालायला, कामावर जायला रोज त्या भिंतीला लागून जातात. त्या संस्थेचा पायाच मुळी लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांवर उभा राहिला.

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

रक्ताची तपासणी नव्हती तेव्हा लोकांच्या अंगावरचे व्रण मोजायचे. आपल्याकडे साठीच्या पुढच्या बहुतेकांच्या हातावर देवी काढल्याची गोल खूण सापडेल. "देवी काढणारा आला" म्हटलं की पोरं शेताकडे पळायची, हे आपण सगळ्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय. देवीच्या निर्मूलनाच्या मोहिमेत कामगार गावोगाव फिरून दोन गोष्टी बघायचे. तोंडावर देवीचे वण आहेत का, आणि हातावर लशीची खूण आहे का. यातलं काहीही नसलेलं माणूस म्हणजे धोक्यातलं माणूस. १९७५ मध्ये भारतातून देवी गेली, ती या साध्या हिशोबावर. पण गोवर, कावीळ, पोलिओ, मेंदूज्वर यांचं तसं नाही. हे आजार येऊन गेले तरी अंगावर बघून कळेल अशी खूण बहुतेकांच्या बाबतीत राहत नाही. खूण राहते ती रक्तात.

रक्त काचेच्या नळीत ठेवलं की गोठतं. खाली गाठ बसते, वर फिकट पिवळं पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. हडपसरच्या सीरम कंपनीच्या नावातलं सीरम ते हेच, कारण १९६६ साली तिची सुरुवात घोड्यांच्या सीरमपासून धनुर्वाताचं औषध करण्यातून झाली. या पिवळ्या पाण्यात अँटिबॉडी असतात. शरीरात विषाणू शिरला, किंवा लशीतून त्याची ओळख करून दिली, की शरीर त्या विशिष्ट विषाणूला धरणारी प्रथिनं तयार करतं. पहिल्यांदा येते ती आयजीएम. काही आठवडे राहते, मग ओसरते. मागून येते ती आयजीजी, आणि ती बऱ्याच आजारांत वर्षानुवर्षं टिकते.

मुळशीकराला हे समजवायला फार लागत नाही. आयजीएम म्हणजे तलाठ्याकडे नुकतीच पडलेली फेरफाराची नोंद. आयजीजी म्हणजे मंजूर होऊन सातबाऱ्यावर चढलेलं नाव. पहिली सापडली तर व्यवहार आत्ताचा आहे. दुसरी सापडली तर कधीतरी झालेला आहे. आणि जमिनीचे व्यवहार केलेल्या प्रत्येकाला हेही माहीत आहे की सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून सगळं सुरळीत असतंच असं नाही, आणि नाव नाही म्हणून वहिवाट नसतेच असंही नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९५२ साली इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. त्याचीच पुढे १९७८ साली एनआयव्ही झाली. त्या काळात एक मोठी भीती पीतज्वराची होती. आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत माणसं मारणारा हा विषाणू ज्या डासातून पसरतो तो आपल्याकडे घरोघरी, पण आजार मात्र इथे कधी आलेला नाही. विमानांची ये-जा वाढली, एक आजारी प्रवासी मुंबईत उतरला तर काय, हा प्रश्न होता. (आजही आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतून येताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, ते यामुळेच.) पीतज्वर इथे लपून तर नाही ना, हे बघायचं तर लोकांचं रक्त बघणं हाच मार्ग.

मग स्मिथबर्न, केर आणि गटणे या तिघांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतून सीरम गोळा करून तपासलं. स्मिथबर्न आधी युगांडात एन्टेबीला होता, वेस्ट नाईल विषाणू त्याने तिथेच शोधलेला. आजच्यासारखं किट नव्हतं. माणसाचं सीरम आणि विषाणू एकत्र करायचे आणि उंदराच्या मेंदूत टोचायचे. उंदीर मेला तर त्या माणसाच्या रक्तात अँटिबॉडी नाहीत. जगला तर आहेत. एकेका नमुन्याला एकेका विषाणूसाठी उंदरांची वेगळी तुकडी. कंटाळवाणं काम, पण त्यातून जे निघालं ते बघा. जपानी मेंदूज्वराच्या अँटिबॉडी नागपूर भागातल्या आणि मद्रासकडच्या चिंगलपेट जिल्ह्यातल्या लोकांत सापडल्या. साल १९५२. त्या आजाराचे रुग्ण पहिल्यांदा ओळखले गेले ते १९५५ मध्ये, वेल्लोरला. म्हणजे दवाखान्याला पत्ता लागायच्या तीन वर्षं आधी रक्ताला पत्ता होता. नागपूर तेव्हा महाराष्ट्रात नव्हतं, मध्य प्रदेशात होतं, ही जाताजाताची गोष्ट.

याच सर्वेत १९६ नमुन्यांपैकी ३३ नमुने झिकाविरुद्ध टिकले. झिका! २०२१ साली पुरंदरच्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला तेव्हा हे नाव आपण पहिल्यांदा ऐकलं. मग झिका सत्तर वर्षांपूर्वीच आलेला होता का? इथे जपून. डेंगी, झिका, वेस्ट नाईल, मेंदूज्वर हे सगळे एकाच भाऊबंदकीतले विषाणू. एकाविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्याला अर्धवट धरते. एकाच आडनावाचे दोन खातेदार असले की तलाठ्याचाही घोळ होतो, तसं. म्हणून त्या ३३ नमुन्यांवर शास्त्रज्ञ आजही छातीठोक बोलत नाहीत.

मेंदूज्वराचं मात्र खरं निघालं. विदर्भाने त्याचा त्रास पुढे बराच सोसला. पुणे शहरात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वडगाव शेरीच्या चार वर्षांच्या मुलाला तो झाल्याचं एनआयव्हीने सांगितलं, आणि २०२५ साली आपल्या जिल्ह्यात एक ते पंधरा वर्षांच्या मुलांना त्याची लस द्यायची मोहीम निघाली. तेव्हा शाळेत पाठवलेल्या संमतीपत्रावरून काही पालकांनी मला विचारलं होतं, "हा जपानचा रोग आपल्याकडे कुठून आला?" भातखाचरं, पाणथळ, बगळे आणि डुकरं असली की त्या डासाचं भागतं. आंबेमोहोराच्या तालुक्याने निदान हे नाव परकं समजू नये.

आता काविळीकडे येतो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट इथली आहे.

१९५५ च्या पुरानंतर दिल्लीत यमुनेने पात्र बदललं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या पंपिंग स्टेशनपर्यंत येऊन पोचलं. पाणीखात्याने क्लोरीन वाढवलं. त्याने जिवाणू मेले, टायफॉइड वाढला नाही, पण कावीळ उसळली. डिसेंबर ५५ ते जानेवारी ५६ या काळात दिल्लीत सुमारे २९ हजार माणसं पिवळी पडली. गरोदर बायका त्यात जास्त दगावल्या. त्या वेळी पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे एकच प्रकार, असं सगळे मानत. पुढे त्याला हिपॅटायटिस ए नाव मिळालं. दिल्लीची साथ त्याच खात्यात टाकली गेली आणि फाईल बंद झाली.

पण त्या साथीतलं काही सीरम कुणीतरी जपून ठेवलं होतं. ते तपासायची पद्धतच तेव्हा नव्हती. हिपॅटायटिस ए चा विषाणू डोळ्यांना दिसला तो १९७३ साली अमेरिकेत, आणि त्याच्या अँटिबॉडीची तपासणी त्यानंतर. मग अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे वाँग आणि पर्सेल, आणि पुण्याच्या एनआयव्हीचे श्रीनिवासन, प्रसाद आणि खोर्शेद पावरी यांनी जुन्या नळ्या बाहेर काढल्या. दिल्लीच्या १९५५-५६ च्या, अहमदाबादच्या १९७५-७६ च्या, आणि खुद्द पुण्यातल्या १९७८-७९ च्या साथीतल्या. १९८० साली लॅन्सेटमध्ये निकाल छापून आला. या रुग्णांत हिपॅटायटिस ए ची आयजीजी होती, पण आयजीएम नव्हती. म्हणजे ए त्यांना लहानपणीच कधीतरी होऊन गेला होता, आत्ताची कावीळ त्याची नव्हती. बी ची पण नव्हती. सातबाऱ्यावर जुनी नावं होती, नवा फेरफार नव्हता, आणि तरी जमिनीवर कुणीतरी नांगर घातला होता. तिसराच कुणीतरी.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. खुरू वेगळ्या वाटेने याच निष्कर्षाला पोचले. मग बालायान नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने जे केलं ते ऐकून अंगावर काटा येतो. अफगाणिस्तानात काविळीने आजारी पडलेल्या सैनिकांच्या विष्ठेचा अर्क त्याने स्वतः प्यायला. त्याच्या रक्तात ए च्या अँटिबॉडी आधीपासून होत्या, म्हणजे ए मुळे तो आजारी पडणं शक्य नव्हतं. तो पडला. चांगलाच पडला. त्याच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला, १९८३ साली ते प्रसिद्ध झालं, आणि पुढे त्याचं नाव पडलं हिपॅटायटिस ई. आज आपल्याकडच्या पाण्याच्या साथीतल्या काविळीत मोठा वाटा याचा असतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो झाला तर चार-पाच जणींत एक दगावू शकते. चीनने २०११ साली त्यावरच्या लशीला मान्यता दिली. आपल्या लसीकरणाच्या यादीत ती नाही.

मला यात सारखं वाटत राहतं ते त्या नळ्यांबद्दल. पंचवीस वर्षं कुणी फेकल्या नाहीत. सरकारी कचेरीत पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद मागून बघा, म्हणजे त्याची किंमत कळेल.

यानंतरचं काम गाजलं नाही, पण आपल्याशी त्याचा संबंध जास्त जवळचा. एनआयव्हीच्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या लोकांचं १९८२ चं सीरम आणि १९९२ चं सीरम वयानुसार लावून तपासलं. नंतर १९९८ पर्यंतची भर घातली, त्यात गावाकडचे नमुनेही घेतले. जुन्या नमुन्यांत असं दिसलं की शाळेच्या वयापर्यंत जवळपास प्रत्येक मूल ए ला भेटून आलेलं असतं. अगदी लहान वयात हा संसर्ग झाला तर बहुतेक पोरं पिवळीसुद्धा पडत नाहीत. दोन दिवस कणकण, जेवण नको, आईला वाटतं दात येत असतील. आणि त्यानंतर जन्मभराचं संरक्षण. ९० च्या दशकात मात्र पुण्यातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांत या अँटिबॉडी कमी होऊ लागल्या होत्या. गावाकडे मात्र जवळपास सगळ्यांत होत्याच. ई ची तऱ्हा उलटी होती. तो लहानपणी फारसा भेटत नव्हता, तरुणपणी भेटत होता.

म्हणजे काय झालं? पाणी सुधारलं, संडास घरात आले, लहानपणीचा संसर्ग टळला. चांगलंच झालं. पण ते मूल विसाव्या वर्षी होस्टेलवर, मेसमध्ये, गाड्यावर जेवायला लागतं तेव्हा त्याच्या रक्तात काहीच नसतं. आणि ए हा असा आजार आहे की वय जितकं जास्त तितका तो जास्त छळतो. चार वर्षांच्या पोराला न कळता होऊन जाणारा संसर्ग पंचविशीच्या तरुणाला महिना-दीड महिना अंथरुणाला खिळवतो, क्वचित यकृतच निकामी करतो. याची लस आहे, चांगली आहे, पण सरकारी कार्यक्रमात नाही. खाजगीत, पैसे मोजून.

पोलिओचं थोडक्यात सांगतो, कारण "परत परत कशाला पाजता" हा राग मी पौडच्या बाजारात आजही ऐकतो. परदेशात तीन डोसांवर भागायचं. वेल्लोरला डॉ. टी. जेकब जॉन यांनी सत्तरच्या दशकात आपल्या मुलांचं रक्त तपासलं तेव्हा दिसलं की तितक्याच डोसांनी आपल्या बऱ्याच मुलांत पुरेशा अँटिबॉडी तयारच होत नाहीत. म्हणून वारंवार पाजायची वेळ आली. १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये बंगालमध्ये सापडला. त्या दोन थेंबांच्या हट्टामागे रक्ताचा हिशोब होता.

आणि गोवर. "गोवर निघून गेलेला बरा, अंगातली उष्णता जाते" असं म्हणणारी मंडळी अजून आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१९ साली सायन्स या नियतकालिकात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचा अभ्यास आला. गोवर येण्याआधी आणि गेल्यानंतर त्यांच्या रक्तातल्या सगळ्या जुन्या अँटिबॉडी मोजल्या होत्या. गोवराने त्यातल्या ११ ते ७३ टक्के पुसून टाकल्या होत्या. बाकी विषाणू सातबाऱ्यावर आपलं नाव चढवतात. गोवर तलाठी कार्यालयच पेटवतो. २०२२ च्या शेवटी गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात पोरं गेली तेव्हा चर्चा पुरळाची झाली. मागून येणाऱ्या न्यूमोनियाची आणि जुलाबांची फारशी झाली नाही.

आता कोरोना. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि मेमध्ये एनआयव्हीने अँटिबॉडी तपासणीचं देशी किट तयार केलं, कोविड कवच एलायझा. त्याच मे-जूनमध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत पहिला राष्ट्रीय सर्वे झाला, निकाल ०.७३ टक्के. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते, पुणे नव्हतं.

पुण्याचा वेगळा सर्वे झाला जुलैच्या शेवटी. आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि फरिदाबादची एक संस्था, पाच प्रभाग, १६६४ माणसं. १७ ऑगस्टला निकाल आला, ५१.५ टक्के लोकांत अँटिबॉडी. झालं! "अर्ध्या पुण्याला कोरोना होऊन गेला" असे मेसेज संध्याकाळपर्यंत गावागावात. पाच प्रभाग हे शब्द वाटेतच गळाले. हे प्रभाग मुद्दाम जास्त रुग्ण असलेले निवडले होते. त्यातही लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के आणि कसबा-सोमवार पेठेत ३६.१ टक्के, इतकी तफावत होती. आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलवाल्यांनी, चहाच्या कट्ट्यांनी त्याचा अर्थ "आता संपलं" असा लावला. पुढच्याच महिन्यात पुणे जिल्हा देशातल्या सर्वाधिक रुग्णांच्या जिल्ह्यांत होता. आणि २०२१ चा एप्रिल कसा गेला ते पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत कुणाला सांगायला नको.

सर्वे चुकीचा नव्हता. तो वस्तीबद्दल बोलत होता, लोकांनी तो स्वतःबद्दल वाचला. शंभरांतल्या एक्कावन्न जणांत अँटिबॉडी आहेत म्हणजे मला कोरोना होणार नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. लस आल्यावर तर कहर झाला. डोस घेतला की पंधरा दिवसांनी लॅबमध्ये जाऊन आकडा काढायचा आणि व्हॉट्सॲपवर मिरवायचा. लखनौमध्ये एका गृहस्थांनी लस घेऊनही अँटिबॉडी आल्या नाहीत म्हणून पोलिसांकडे तक्रार दिली, ती पुण्याच्या सीरमपर्यंत पोचली. त्याच महिन्यात, मे २०२१ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगून टाकलं की लशीनंतर संरक्षण किती आहे हे ठरवायला या तपासण्या वापरू नका. शरीराची संरक्षणाची आठवण नुसत्या अँटिबॉडीत नसते, पेशींतही असते, आणि ती या तपासणीत दिसत नाही. वहिवाट आहे, सातबाऱ्यावर नाव नाही, तसं.

याचा अर्थ एकेकट्या माणसासाठी ही तपासणी कधीच कामाची नाही असं नव्हे. दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरला, लॅबच्या मुलाला हिपॅटायटिस बी ची लस दिल्यावर अँटिबॉडीचा आकडा १० च्या वर गेला का हे बघतात, कारण तिथे आकड्याचा अर्थ पक्का ठरलेला आहे. मूल होऊ देण्याआधी रुबेलाचं संरक्षण आहे का हेही डॉक्टर बघतात, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय पणाला लागतात. पण लस टोचली आहे, कार्ड घरात आहे, तरी पॅकेज घ्या म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की आकडा कमी आला तर तुम्ही वेगळं काय करणार?

पुण्याच्या त्या सर्वेत आणखी एक आकडा होता, त्याचा मेसेज कुणी फिरवला नाही. ज्यांच्या घरात स्वतंत्र संडास होता त्यांच्यात अँटिबॉडी ४५.३ टक्के, सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के. अरणकल्ले यांच्या काविळीच्या सर्वेतही फरक पडला होता तो घर, पाणी आणि संडास यांच्यावरूनच. आजार वेगळा, विषाणू वेगळा, वीस-पंचवीस वर्षांचं अंतर.

हे आपल्या तालुक्यावर ठेवून बघा. आज मुळशी एक राहिलेली नाही. हिंजवडी, माण, भूगावकडे सोसायट्या, फिल्टर, विकतचे जार. सूस, म्हाळुंगे तर २०२१ मध्ये महापालिकेतच गेले. पलीकडे धरणाच्या काठची गावं, जिथलं पाणी डोंगर ओलांडून भिऱ्याला वीज करायला जातं आणि काठावरच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरतात. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होऊन गेली, ते चित्र काही पुरतं पुसलं नाही. या दोन मुळशींतली मुलं आता एकाच शाळेत, एकाच कॉलेजात, एकाच वडापावच्या गाडीवर येतात. एकाच्या रक्तात ए ची नोंद बालपणीच झालेली, दुसऱ्याचं पान कोरं.

आणि सगळ्यात अवघड जागा मधली. जिथे नळ आलाय पण पाइप गटाराशेजारून गेलाय, इमारती झाल्या पण सांडपाणी ओढ्यातच आहे. अशा गावांत लहानपणीचा संसर्ग कमी होतो, पण पाइप फुटला की एकदम शंभर-दोनशे कोऱ्या पानांवर कावीळ उतरते. पिरंगुट, भुकूम, भूगाव पट्ट्यात राहणाऱ्यांनी आपल्या दारातली लाइन कुठून येते ते एकदा चालत जाऊन बघावं.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. घरोघरी पॅकेज नको, तालुक्याचा एकच सर्वे घ्या. शहराकडची चार गावं, मधली चार, धरणाकाठची चार. वयाप्रमाणे मुलं निवडा, पालकांची संमती घ्या, ए आणि ई दोन्ही काविळींच्या अँटिबॉडी मोजा आणि निकाल गावाला ग्रामसभेत सांगा. रक्त घेऊन गेले आणि परत कुणी फिरकलं नाही, असं करू नका. त्यावरून ठरवता येईल की लस कुठल्या वयाला, कुठल्या गावात आधी द्यायची, आणि पाइपलाइनचा पैसा आधी कुठे लावायचा. तपासणारी माणसं खिंडीपलीकडेच बसतात. हे पत्र मी तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेला देतोय. सही करायची असेल त्यांनी सोमवारी पौडला तहसीलसमोर अकराला या.

तोवर एक मदत करा. तुमच्या गावात काविळीची साथ कुठल्या साली आली होती, तेव्हा पाणी विहिरीचं होतं, ओढ्याचं की नळाचं, आणि घरातलं कुणी गरोदर असताना आजारी पडलं होतं का, एवढं घरातल्या मोठ्यांना विचारून मला कळवा. माणसांची नावं नकोत. गाव, साल आणि पाणी एवढं पुरे.